तिसऱ्या कडव्याची सुई

आमच्या मामांइतकं डुप्लिकेट वस्तूंशी वैर धरणारा माणूस वसई तालुक्यात दुसरा झाला नाही. आणि झालाच असेल, तर मामांच्या मते तो डुप्लिकेट.

सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा तोंडात टाकून तो राजेळी केळ्याचा की भलत्याच, हे ते डोळे मिटून सांगत. एवढ्यावर थांबते तर लोकांनी त्यांना जाणकार म्हटलं असतं. पण मामांनी तोच न्याय छत्रीच्या काड्यांना, दाढीच्या पात्यांना, चपलांच्या अंगठ्यांना आणि होऊ घातलेल्या जावयांनाही लावला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी पाहून आल्यावर त्यांनी माझ्या आईला एवढंच सांगितलं, "पोरगी ओरिजिनल हाय. तुझ्या पोराचं मी काय सांगत नाय." गावात कुणी नवं घड्याळ घेतलं, की मनगटावर चढण्याआधी ते मामांच्या ओट्यावर यायचं. मामा ते कानाला लावत, उलटं करत, एका घड्याळजीकडून कधीकाळी मिळवलेलं भिंग डोळ्याला लावत आणि निकाल देत. त्यावर अपील नव्हतं. बरीच घड्याळं आली तशी खिशातून परत गेली.

या सगळ्या वैराचं मूळ एका सुईत होतं. मामांचा रेकॉर्ड-प्लेयर परदेशी बनावटीचा, त्यामुळे सुई झिजली की कंपनीची सुई मिळायची पंचाईत. लॅमिंग्टन रोडवर मिळे ती लोकल. दिसायला हुबेहूब, जागेवर बसायचीही बरोबर. "बसते म्हणून काय झालं?" मामा म्हणत. "माझ्या खुर्चीवर पण कोणीही बसतो." त्यांच्या तक्रारी मला पाठ होत्या. डुप्लिकेट सुईवर 'स'ला दात फुटतात, तबला भिजल्यासारखा वाजतो, आणि सुई खाचेत ठरत नाही, उडी मारते. ती उडी मारू नये म्हणून मामा सुई धरणाऱ्या आर्मच्या टोकावर एक नाणं ठेवत. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाई, तेव्हा मला समोर बसवून एकदा ही सुई, एकदा ती सुई, असं ऐकवणं चाले. फरक मला कधीच कळला नाही. पण नाही म्हटलं तर दोन्ही पुन्हा ऐकाव्या लागत, आणि हो म्हटलं तर कोणता ते सांगावं लागे. म्हणून मी "थोडासा" म्हणायला शिकलो होतो.

परीक्षेची रेकॉर्ड मात्र ठरलेली होती. आमच्या देवळाच्या (आम्ही ख्रिस्ती वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) गायनमंडळाने एकदा मुंबईला जाऊन दोन भक्तिगीतांची छोटी रेकॉर्ड काढली होती. त्यात बायकांच्या बाजूला मामी होती. मामी म्हणजे घाईचा अवतार. चहा उकळायच्या आत गाळायची, एस.टी.च्या अर्धा तास आधी थांब्यावर हजर, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. रेकॉर्डिंगच्या वेळी तिसऱ्या कडव्याला ती इतरांच्या आधी सुटली. अर्धीच मात्रा, पण सुटली. गायनमास्तर संतापले, मात्र स्टुडिओची वेळ संपत आली होती, तेव्हा मामीची घाई तशीच तबकडीवर उतरली. रेकॉर्ड गावातल्या घरोघरी गेली, लग्नांच्या लाउडस्पीकरवर वर्षानुवर्षं वाजली, आणि ती जागा आली की मामा मामीकडे बघून म्हणत, "सुटली बघ गाडी." मामी पदर तोंडाला लावून आत जायची.

मग मामी गेली. तिथेही तिने कुणाला सवड दिली नाही, दोन दिवसांच्या तापात सगळं आटोपलं. त्यानंतर तिचा आवाज त्या घरात उरला तो फक्त त्या अर्ध्या मात्रेत. पंधरा बायका एकदम गाताना कोण कुठली ओळखायची? पण ती अर्धी मात्रा एकट्या मामीची होती. मामा सुई तिसऱ्या कडव्यावरच टेकवत, तेवढं ऐकत आणि उचलत. तो आवाज दरवर्षी पुसट होत चालला होता आणि गुन्हेगार कोण हे मामांनी कधीच ठरवून टाकलं होतं. "ओरिजिनल सुई येऊ दे," ते म्हणत, "तुझी मामी कशी स्वच्छ ऐकू येते बघ." मला ते ऐकवत नसे. मी चहा मागे.

अखेर बोटीवर नोकरीला असलेल्या एका गाववाल्याने कुठल्याशा बंदरातून खरी सुई आणली. नमुना म्हणून मामांनी त्याला जुनी सुई काडेपेटीत कापसावर निजवून दिली होती. नवी सुई त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिली, स्वतःच्या हाताने बसवली आणि आर्मवरचं नाणं काढून ठेवलं. "आज फरक विचारत नाय," ते मला म्हणाले. "आज तुलापण कळेल."

सुई टेकली. आधी खरखर आली, मग सगळ्या बायकांचा मिळून आवाज. मामीच्या जागी नुसती खरखर होती. मामांनी पुन्हा लावली, आणि पुन्हा एकदा. मग त्यांनी भिंग सुईवरून रेकॉर्डवर नेलं, थोडा वेळ पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. सगळी तबकडी काळी कुळकुळीत होती. फक्त तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला दोऱ्याएवढं राखाडी कडं उठलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक सुई आम्ही तेवढ्याच जागेवर तपासली होती, वर नाणं ठेवून.

"सुई ओरिजिनल हाय," मामा म्हणाले. आणि काढून ठेवलेल्या नाण्याकडे बघून, "मीच झिजवली तिला."

त्या वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. त्याऐवजी मी दुसरी प्रत शोधत गावभर हिंडलो. लग्नांनी एकही धड ठेवली नव्हती. त्यानंतर मामांनी घड्याळं बघणं सोडलं. कुणी आणलंच, तर "असेल ओरिजिनल, बांध," एवढं म्हणून ते आत जात. हे गावाला फार लागलं.

मामी गेल्यापासून ते पहाटेच्या मिस्सेलाच (देवळातल्या उपासनेला) जात, कारण तिथे गाणं नसे. त्या वर्षी देवळाच्या सणाला पहाटेची मिस्सा नव्हती, म्हणून मी त्यांना मोठ्या मिस्सेला नेलं. नवे गायनमास्तर बाहेरगावचे आणि कडक शिस्तीचे होते. त्यांनी नेमकं तेच गीत घेतलं. दोन कडवी सुरळीत गेली. तिसऱ्याला मास्तरांचा हात वर असतानाच अख्खं देऊळ सुटलं, म्हातारे, बायका, पोरं, सगळे अर्धी मात्रा आधी. गाव ते गीत रेकॉर्डवरूनच शिकलं होतं, मामीच्या चुकीसकट. मीही दरवर्षी तसंच गात आलो होतो आणि माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मास्तर ऑर्गनवाल्याकडे हताशपणे बघत राहिले.

मामा बाकाची कड घट्ट धरून उभे होते. गीत संपल्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सगळे डुप्लिकेट."

मग बाकाची कड सोडून ते म्हणाले, "चालतील."

पुढे मामा मोठ्या मिस्सेला येऊ लागले, आणि ओट्यावर पुन्हा घड्याळंही. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ती खरी सुई काडेपेटीत माझ्याकडे आहे, तीनदाच टेकवलेली. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला आम्ही तेच गीत घ्यायचं ठरवलं. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी आम्हाला बसवून तिसरं कडवं घोटून घेतलं, आणि सरावात आम्ही ते अगदी बरोबर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती जागा आली तेव्हा मी मुद्दाम मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. हात आधीच खाली आला होता. आमच्या अर्धी मात्रा आधी, मामीच्या जागेवर, तेच सुटले होते.