बुधवारची तपासणी

५ जानेवारी २०२५, रविवार. अरविंद दिघे यांनी विजय नगरच्या वृद्धनिवासात पत्नीच्या देखभालीचे महिन्याचे २३,४५० रुपये भरले आणि पावती पाकिटात ठेवली. शालिनीताईंना विस्मरणाचा आजार जडून चार वर्षं झाली होती. इथे येऊन सहा महिने.

अरविंद जन्मभर हिशेब तपासत आले. दर रविवारी अकराला ते येत. चादर स्वच्छ, नखं कापलेली, औषधांची वही चोख. फक्त शालिनीताई भिंतीकडे बघत बसत, नाहीतर रडत. त्यांना तुकोगंजातल्या दीडपट महाग जागी हलवायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मग लक्षात आलं, की आपण येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं त्याच दिवशी आपण तपासतो. नोकरीत ही चूक त्यांनी कुणाला माफ केली नसती.

बुधवारी चार वाजता ते न कळवता पोचले. वहीत ‘तीन ते पाच आराम’, खाली सही. आणि खाट रिकामी. शालिनीताई सापडल्या स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर. मांडीवर ताट, पुढ्यात बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेंगांचा ढीग. शेजारी देखभाल करणाऱ्या सरलाबाई. अरविंदना बघून सरलाबाईंचा चेहरा उतरला.

“साहेब, लिखापढीत आराम आहे. पण यांचे हात खाली राहिले, काही काम नसलं, की या रडतात. इथे सोललेलेच पाकीट येतात, म्हणून शेंगा मी आणते. रविवारी घरचे लोक येतात, तेव्हा नाही जमत. मॅडमना कळलं तर माझी नोकरी गेली समजा.”

अरविंद काही बोलणार, तोच शालिनीताईंनी मान वर केली. “उभे काय राहिलात? हात धुऊन बसा. आणि किडके वेगळे काढा, मागच्यासारखे मिसळू नका.”

सहा महिन्यांत त्या त्यांच्याशी इतकं बोलल्या नव्हत्या. अरविंद हात धुऊन बसले.

खोटी नोंद मात्र त्यांना सोडवेना. निघताना त्यांनी व्यवस्थापक पलकजींना लेखी दिलं: शालिनीच्या वहीतून ‘आराम’ काढावा, ‘शेंगा सोलणे’ लिहावं, माझी संमती आहे, काम सरलाबाईंकडेच राहावं.

पलकजींनी कागद दोनदा वाचला. “दुसऱ्या फॅमिलीवाल्यांनी विचारलं तर?”

“त्यांना बुधवारी चारला बोलवा.”

तुकोगंजची जागा त्यांनी नको म्हणून कळवली. आता रविवारीही ताट मांडीवर असतं, आणि किडके काढण्यावरून अरविंदना बोलणी बसतात.

त्या बुधवारच्या शेंगा साठ रुपयांच्या होत्या. अरविंदकडे पाचशेची नोट होती, सरलाबाईंकडे सुटे नव्हते. ते साठ रुपये अजून द्यायचे आहेत.