खांबावरचं वेटोळं

धक्क्यावर सगळे त्यांना वेटोळेराव म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखात होतं.

रेडिओच्या केबलला कनेक्टर बसवणं हे त्यांचं काम. कुठंही अँटेना लावली, की केबल मापात कापायचं सोडून हे गृहस्थ हातभर जास्त ठेवत, तिचं गोल वेटोळं करत आणि खांबाला बांधून टाकत. कुणी हसलंच, तर म्हणत, "कनेक्टर आज ना उद्या बिघडतो. तो कापून नवा लावायचा तर केबल नको? का माझं आतडं जोडू?"

घरातही तेच. पडद्याची दोरी फरशीवर लोळे, टीव्हीची वायर कोपऱ्यात सापासारखी पडलेली असे. बायको म्हणे, "अहो, एक दिवस मी हिच्यात अडकून पडणार. मग मलाही गुंडाळून खांबाला बांधा."

त्या सकाळी ही बायको पलीकडच्या तीरावरून, लेकीकडून, पहिल्या फेरीबोटीनं परत निघाली होती. धुकं इतकं दाट, की कचेरीच्या खिडकीतून समोरचा कठडा दिसेना. आणि नेमका तेव्हाच रेडिओ मुका झाला.

"बोट, बोट, ऐकू येतंय का?" ऑपरेटरताई माइकमध्ये घसा कोरडा करत होत्या. उत्तर म्हणून नुसती खरखर. दुसऱ्या कानाला फोन लावलेला. कोळसा वाहणाऱ्या अवजड बार्जचा मालक सांगत होता, आमचा बार्ज दोर तुटून सुटलाय, तुमच्या बोटीला आडवा येईल, कॅप्टनला जागेवर थांबवा. थांबवणार कसं? कॅप्टनचा मोबाईल लागेना, बार्जवरच्या माणसांचाही लागेना.

वेटोळेराव पिशवी उचलून गच्चीकडे निघाले.

"वहिनी त्याच बोटीत आहेत ना हो?" ताईंनी विचारलं.

"कोण कुठल्या बोटीत आहे ते मला माहीत आहे. तुम्ही माइक सोडू नका."

शिडीवर चढून त्यांनी अँटेनाचा कनेक्टर फिरवून सोडला. आतून हिरवं पाणी मनगटावर ओघळलं. झालं असं होतं, की खांब रंगवणाऱ्यानं कनेक्टर सोडला होता, आणि परत लावताना त्यावर रबराची पट्टी गुंडाळायची राहिली होती. पाऊस थेट आत. वेटोळेरावांनी रंगाऱ्याच्या सात पिढ्यांची मनात विचारपूस केली, वेटोळं सोडून केबलचं टोक शिडीखाली घेतलं आणि कापलं. आतली तांब्याची जाळी काळी पडलेली. आणखी कापली, तरी काळीच. तिसऱ्यांदा कापली तेव्हा कुठे लखलखीत तांबं दिसलं. वेटोळं बरंच आखडलं होतं.

पिशवीत दोन कनेक्टर. एकाचं इन्सुलेशन टेफ्लॉनचं, सोल्डरच्या उष्णतेला दाद न देणारं. दुसरा स्वस्तातला, दिसायला नवरदेव, पण चटका जरा जास्त लागला की आतलं प्लास्टिक विरघळणारा. त्यांनी पहिला घेतला. जाळी नीट मागे वळवली, मधली तार पिनेत घातली, सोल्डर सुरेख धरलं. ओढून बघितलं. घट्ट! घाईघाईनं शिडी चढले, कनेक्टर अँटेनाला टेकवला आणि आवळायला हात घातला.

आवळायची रिंगच नव्हती. बाहेरची ती फिरती रिंग, जी सोल्डरच्या आधी केबलवर ओवावी लागते, मागाहून कनेक्टरवरून सरकत नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. "आधी रिंग, मग बाकीचं" असं उभ्या जन्मात प्रत्येकाला ऐकवणारा माणूस!

खाली ताईंचा आवाज चिरकत होता. दूर धुक्यात कुठेतरी बार्जचा भोंगा वाजला.

कनेक्टर पुन्हा कापला. आता उरला तो नवरदेव. या वेळी त्याची रिंग आधी ओवली, हातभर मागे ढकलली आणि वरून बोटानं चाचपलीसुद्धा. सोल्डरगन टेकवली, फुंकर मारत लगेच उचलली. प्लास्टिक शाबूत होतं. वेटोळं मात्र पार संपलं. केबल वीणेच्या तारेसारखी ताणून जेमतेम अँटेनाला पोचली. रिंग आवळली.

"ताई, बोला!"

"बोट, जागेवर थांबा! बार्ज आडवा येतोय!"

 कॅप्टनचा आवाज आला, शांत, जरासा वैतागलेला. "थांबलो, थांबलो. ओरडता कशाला?" आणि थोड्या वेळानं, "दिसला. बापरे, केवढा आहे! गेला, पुढून गेला."

वेटोळेराव शिडीच्या पायरीवरच बसले.  ते खाली आले, तोवर रेडिओवर वेगळाच आवाज सुरू झाला होता.

"अहो, आहात का तिथं? ताई म्हणाल्या तुम्ही खांबावर चढलात. या वयात!"

त्यांनी माइक घेतला.  म्हणाले, "वेटोळं संपलं."

"मग नवी केबल टाका. आणि दोन वेटोळी ठेवा या खेपेला. मी हसणार नाही."

"वहिनी, माइक द्या हो," मागून कॅप्टन म्हणाला, "मला बोट लावायचीय."

ताई डोळे पुसत हसत होत्या. वेटोळेराव रबराची पट्टी घेऊन पुन्हा गच्चीकडे निघाले. जिन्यात थांबले, खिसा चाचपला. पहिली रिंग तिथंच होती. ती असणारच होती, तरी त्यांनी दोनदा चाचपली.