मोजणीत एक खडा कमी

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पाचूच्या एका पुडीत सातऐवजी सहाच खडे निघाले. होळी होऊन चार दिवस झाले होते. मोजणाऱ्या हातांच्या नखांत अजून गुलाबी रंग होता.

टोंक रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत, रत्नं घासणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा कामाला होते. नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली, त्याआधी नऊ वर्षं मी नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर काढली होती. इथे माझं काम परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रत्येक खड्याचं चार ओळींत वर्णन करण्याचं होतं. वजन, आकार, रंग, आतले दोष. विशेषणं नकोत, असं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. ते मला जमण्यासारखं होतं.

शहर बघायला येणारे ही वसाहत बघत नाहीत. जुन्या शहरातल्या दुकानात ते जो खडा पसंत करतात, तो पुष्कळदा इथे घासलेला असतो, आणि बगरूहून छापून आलेल्या कापडाचे कुर्ते इथेच शिवले जातात. वसाहत बांधली तेव्हा ती शहराबाहेर होती. आता शहर तिला ओलांडून पुढे गेलं आहे. साडेपाचला सगळ्या फाटकांतून माणसं एकदम बाहेर पडतात आणि अर्धा तास रस्ता त्यांचाच असतो. त्यानंतर बस मिळणं अवघड होत जातं.

त्या दिवशी साडेपाचला आमच्या मजल्यावरून कुणी उठलं नाही. खडा हरवला की तो मिळेपर्यंत बसून राहायचं, अशी तिथली पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. दाराला कुलूपही नव्हतं. झडती देऊन कुणीही जाऊ शकत होतं. पण खडा मिळालाच नाही, तर जो सर्वांत आधी गेला त्याचं नाव निघे. म्हणून पहिलं कुणी जात नसे.

शोधायचा क्रम ठरलेला होता. पांढऱ्या चादरीवर उभं राहून प्रत्येकाने बाह्या आणि ओढण्या झटकायच्या. चपलांचे तळवे ब्रशने घासायचे. भिंतीपासून मधोमध झाडत यायचं आणि तो केर चाळणीत धुवायचा. खिडक्यांच्या काचा पक्क्या बसवलेल्या होत्या, त्या उघडत नसत. फोन सकाळीच फाटकावर जमा झालेले असत. मजल्यावर एकच फोन होता, सुपरवायझरच्या टेबलावर.

मोजणीवर बसणारी बाई चाकसूकडची होती आणि जवळच प्रतापनगरला भाड्याच्या खोलीत राहत होती. तिला पाच महिन्यांचं बाळ होतं. ती कामावर परत येऊन महिना झाला होता. बाळ बाटली तोंडात धरत नसे. जेवणाच्या सुट्टीत ती पळत घरी जाई, पाजून येई, आणि नंतर सहाच्या आत घर गाठी. हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

सहा खडे तिच्याच पुढ्यात निघाले होते.

या धंद्यात पुडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा दोघांनी ती उघडून समोरासमोर मोजायची असते. ती पुडी मी साडेतीनला तिला परत दिली होती. तिच्यासमोर तेव्हा पुड्यांचा ढीग होता. "दीदी, गिन लिए?" तिने न बघता विचारलं. मी हो म्हटलं. मी घेताना मोजले होते, देताना नाही. तिने पुडी न उघडता ठेवून दिली.

चादरीवरची पहिली फेरी झाली, काही मिळालं नाही. केर दोनदा चाळून झाला. एक म्हातारे कारागीर म्हणाले, "हरी मिर्च दिखाओ। रिश्तेदार समझकर आ जाएगा।" दोघं-तिघं हसले. सुपरवायझर हसला नाही.

सहाला तिने फोन करायची परवानगी मागितली. पलीकडे नणंद होती. बाळाचं रडणं जवळ बसलेल्यांना ऐकू आलं. फोन ठेवून ती जागेवर आली आणि ओढणीची घडी करून तिने छातीशी धरली. थोड्या वेळाने ती घडी उलटली. पॉलिशवरची एक बाई कुणाकडेच न बघता म्हणाली, बच्चे तो सबके घर में हैं.

तोवर मला साडेतीनची गोष्ट आठवली होती. मी ती बोलले नाही. बोलले असते तर शोध माझ्या टेबलाशी येऊन थांबला असता. इतक्यात सुपरवायझरच्या टेबलावरच्या फोनवर माझ्यासाठी नवऱ्याचा फोन आला.

"उशीर?"

"खडा हरवलाय."

"मग?"

"बसलोय सगळे."

त्याने भात लावू का, असं विचारलं. मी लाव म्हटलं.

सहा पंचवीसला ती उठली. "मैं जा रही हूँ। देख लो।"

"सोच लो," सुपरवायझर म्हणाला.

"सोच लिया।"

पहारेकरी बाईने तिला पडद्यामागे नेलं. सात मिनिटं लागली. वेणी सोडवली, बांगड्या उतरवल्या. कुर्ता समोरून भिजलेला होता, असं त्या बाईने मला नंतर सांगितलं. फाटकावरच्या वहीत वेळ लिहिली गेली आणि पुढे 'झडतीत काही नाही' असं.

ती गेल्यावर पाच मिनिटांत आणखी चौघं उठले. मग पॉलिशवरच्या बायका. पहिलं कुणीतरी गेलं होतं. बाकीच्यांना आता जायला हरकत नव्हती. पावणेसातपर्यंत मजला निम्मा रिकामा झाला. कोणीतरी तिचं नाव घेऊन काहीतरी बोललं, आणि बोलणाऱ्याला कुणी थांबवलं नाही.

तेव्हा मी सुपरवायझरकडे गेले आणि देताना पुडी मोजली नव्हती, हे सांगितलं. त्याने विचारलं, "अब बता रही हैं?"

त्यांनी माझं टेबल रिकामं केलं. सात वाजून पाच मिनिटांनी तराजूखालच्या मखमलीच्या घडीत खडा मिळाला.

फाटकावर मला फोन परत मिळाला. त्यात तिचा संदेश होता. 'पी लिया.'

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मी तिला सगळं सांगितलं, साडेतीनचंही आणि सहानंतरचंही. तिने ऐकून घेतलं आणि ती माझ्यासमोर एक पुडी उघडून मोजायला लागली. खडा मिळाल्याची नोंद पुडीच्या चिठ्ठीवर झाली. कुठे मिळाला, ते लिहिलं नव्हतं. फाटकावरच्या वहीत तिच्या नावाची ओळ तशीच होती. ती खोडायला मी सांगितलं. वहीत खाडाखोड चालत नाही, असं उत्तर मिळालं.

ती त्यानंतर आठ दिवस आली. तिने स्वतः काम सोडलं की तिला सोडायला सांगितलं, हे मी दोन जणांना विचारलं. त्यांची उत्तरं जुळली नाहीत. तिचा फोन लागला नाही. पुढच्या सोमवारच्या हजेरीपत्रकात तिचं नाव नव्हतं.