वॉरंटीचं मागचं पान

बोंद्रेकाका वॉरंटीचं पुस्तक नेहमी मागून उघडायचे. भनपुरीतल्या आमच्या कारखान्यात गाडीमागे जोडून ओढायची फिरती घरं, म्हणजे ट्रेलर, बनतात. नवा ट्रेलर गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याचं काम काकांचं. गिऱ्हाईक आतले दिवे लावून बघण्यात गुंग असायचं आणि काका शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणायचे, "समोरच्या पानावर आम्ही काय देऊ ते आहे. मागं तुमाले काय करा लागते, ते आहे. नुसता आहेर पाहून संसार होत नाही जी!"

मग ते त्या माणसाला शिडीवर चढवायचे. छताच्या सांध्यांत भरलेलं रबरी लुकण बोटानं दाबून बघायला लावायचे. दर तीन महिन्यांनी ते तपासणं मालकाचं काम. ते न केल्यामुळे पाणी मुरलं, तर वॉरंटी लागू होत नाही. शंकर नगरचे एक डॉक्टर एकदा वैतागले, "मी काय मिस्त्री आहे का?"

"मिस्त्री नाही, मालक आहात," काका म्हणाले. "म्हणूनच तर चढवून राहिलो."

मी तिथं तक्रारींची उत्तरं लिहायचे. एकदा साहू दीदींचं पत्र आलं. दीदी निवृत्त शिक्षिका. यजमानांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, रेल्वेचा प्रवास झेपेना. त्यांना एकदा अमरकंटकला न्यायचं म्हणून दीदींनी ट्रेलर घेतला होता. आता त्याची भिंत फुगली होती आणि यजमानांच्या पलंगाखालची फळी कुजली होती.

काका आणि मी गुढियारीला त्यांच्या घरी गेलो. छतावर लुकण ठिकठिकाणी तडकलेलं. तपासणी कधी झालीच नव्हती, हे उघड होतं. नियमानं तक्रार फेटाळायची. काकांनी शिडीवरूनच विचारलं, "दीदी, छत कभी देखी थी?"

"किसी ने बताया ही नहीं, भैया. आपने चाबी दी और बोले, किताब में सब लिखा है."

काका शिडीच्या पायरीवरच बसले. ताबा दिला त्या दिवशी काकूंना दवाखान्यात नेल्याचा फोन आला होता. दीदींच्या हातात किल्ली देऊन ते तसेच धावले होते.

परतताना मी म्हटलं, "काका, पुस्तक दिलं होतं ना आपण? त्यांची सहीपण आहे."

"सही आहे, पोरी. पण मी पुस्तक वाचून दाखवलं नाही, नुसतं हातात टेकवलं. मग गलती कोणाची?"

त्यांनी अहवालात तसंच लिहिलं: 'चूक ताबा देणाऱ्याची, म्हणजे माझी.' कारखान्याचे मालक संतापले. "असं लिहिलं तर उद्या जो तो सडका ट्रेलर घेऊन दारात येईल!"

"येऊ द्या. ज्याले छत दाखवलं, त्याले मी स्वतः नाही म्हणतो. या बाईले कोणत्या तोंडानं म्हणू?"

मालकांनी लाकूड दिलं, माणूस दिला नाही. काकांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि दीदींच्या अंगणात भिंत स्वतः बदलली. यजमान खुर्चीत बसून चांगल्या हातानं एकेक स्क्रू पुढे करायचे. लुकण भरायची वेळ आली तेव्हा मात्र काका खाली उतरले आणि त्यांनी दीदींना वर चढवलं.

हिवाळ्यात काकांच्या मोबाइलवर अमरकंटकहून फोटो आला. ट्रेलरच्या दारात शाल पांघरलेले यजमान हसत होते. काकांनी फोटो मोठा केला तो छताच्या सांध्यावर. "बाईनं बरोबर भरलं आहे," म्हणाले. मग बराच वेळ यजमानांचा चेहरा बघत राहिले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी शाल-श्रीफळ दिलं आणि ताबापत्राचा नवा छापील नमुना पुढे केला. त्यात एक ओळ वाढली होती: 'छत प्रत्यक्ष दाखवले.' खाली दोन सह्यांची जागा होती, एक घेणाऱ्याची आणि एक देणाऱ्याची.

काकांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. "आता ठीक झालं," ते म्हणाले. "दोघंही बांधले गेले."