अकरा मिनिटं

विनयला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. माझा धाकटा भाऊ, वय अडतीस. निधनवार्तेत ‘हृदयविकाराच्या झटक्याने’ असं छापून आलं. तो मजकूर मीच लिहून दिला होता आणि तो खोटा आहे. विनय नशेच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्यानं गेला.

कोराडीच्या वीज केंद्रात तो कंत्राटावर वेल्डर होता. बसमधून उतरताना पडला, पाठ दुखावली, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. दिवसाला दोनाच्या आठ झाल्या. मग तीन महिने व्यसनमुक्ती केंद्र. नागपुरातल्या बेसाच्या आमच्या कॉलनीत मात्र आम्ही सांगितलं, पुण्याला ट्रेनिंगला गेलाय. परतल्यावर मी त्याच्याकडून पुण्यातला पत्तासुद्धा पाठ करून घेतला. तो हसला. “तीन महिने पुण्यात राहून आलो अन् अजून मले-तुलेच करून राहिलो. कोण विश्वास ठेवन गा दादा?” मग म्हणाला, “खरं सांगितलं तर काय होईन?”

“आईले खाली मान घालून फिरा लागन,” मी म्हणालो. त्यानं पत्ता पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी, तो पलंगावर निपचित सापडला. ओठ निळे, श्वास थांबून थांबून. शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “हे काही घेतात का? गोळ्या, नशा?” काका माझ्या खांद्याशी उभे होते. मी म्हणालो, “नाही. ॲसिडिटीचा त्रास आहे.” काका गाडी नीट लावायला गेले, तेव्हा खरं सांगितलं. मध्ये अकरा मिनिटं गेली. समोर घड्याळ होतं. मग उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. तो परत आला नाही.

काही महिने नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते, मग जुनंच प्रमाण श्वास थांबवू शकतं, हे मला नंतर कळलं. केंद्रात नातेवाइकांच्या बैठकीत ते सांगत असत. कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मी एकाही बैठकीला गेलो नव्हतो. ती अकरा मिनिटं गेली नसती तर वाचला असता का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “नक्की सांगता येत नाही.” या उत्तराचं काय करायचं, मला कळत नाही. तुमच्या घरी कोणी घेत असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, शेजारी कोणीही उभं असो.

तेरवीला काका हळूच म्हणाले, “आमाले पहिलेच माहीत होतं. तुमाले वाईट वाटू नये म्हणून चूप होतो.” मग मी लपवत कोणापासून होतो?

विनय केंद्रातून आला तेव्हा त्याच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली होती. तेव्हापासून आई दार वाजवूनच आत जायची. काल मी तिला त्या अकरा मिनिटांबद्दल सांगितलं.  ती विनयचे इस्त्रीहून आलेले कपडे उचलून त्याच्या खोलीपाशी गेली, दार वाजवलं आणि थांबली. मीही तिच्यामागे थांबलो.