घाटमाथ्यावरचा नमस्कार

सावंतवाडीच्या एका शेटची जपानी टर्बो गाडी निळा धूर ओकत पुन्हा माझ्या गॅरेजात आली, तेव्हा मला आनंद झाला. याच गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, पूर्वी एकदा गेला होता. "तुझ्या भावान कसला तेल घातल्यान?" म्हणत शेटने तेव्हा माझ्याच गॅरेजात काम करणाऱ्या धाकट्या भावाची गावभर बदनामी केली. तेल मीच आणलेलं होतं आणि ते चांगलं होतं. तरी गिऱ्हाईक जाईल या भीतीने मी गप्प बसलो. भाऊ दोडामार्गला निघून गेला, तिथे स्वतःचं गॅरेज टाकलं, माझ्याशी बोलेनासा झाला.

या वेळी मी चहाला जमलेल्या मंडळींनाही थांबवलं. टर्बोला तेल नेणारी नळी सोडवली आणि आत जळून कोळसा झालेलं तेल सगळ्यांसमोर कागदावर खरवडलं.

"शेट, आंबोली चढान इल्यार तुमी काय करतास?"

"देवळाकडे थांबतंय. देवासमोर इंजिन चालू ठेवूचा? आधी बंद करतंय, मगे हात जोडतंय."

"थंयच मेले तुमचे दोनय टर्बो. घाट चढान टर्बो लालबुंद झालेलो आसता. इंजिन बंद केल्यात की तेल थांबता नि आतच जळता. जरा वेळ चालू ठेवून नमस्कार केल्यात तर देव रागावता काय?"

मंडळी हसली. शेट गोरामोरा झाला.

"बरां, नवीन बसव."

"मी नाय. दोडामार्गाक माझ्या भावाकडे न्या. चूक कोणाची ती तुमच्या तोंडान सांगा. मगच तो गाडयेक हात लायतलो."

"आणि नाय गेलंय तर?"

"तर ढकलत घराक न्या."

शेवटी शेटने गाडी दोडामार्गला ओढून न्यायला टेम्पो बोलावला. मी भावाला फोन केला नाही. त्याने ते शेटच्याच तोंडून ऐकायला हवं होतं.