चित्रातल्या जनरलला माझा चेहरा होता

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या शेजारी एक बर्मी चित्रकार राहायचे. साठीच्या पुढचे. त्यांच्या देशात शिपायांनी तुरुंगात त्यांच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती, तेव्हापासून ते डाव्या हाताने रंगवत. एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, आमच्याकडच्या एका लष्करी जनरलच्या चित्रासाठी समोर बसाल का? माझं पोट त्यांना हवं तसं होतं, आणि लहानपणापासून विहारात जात असल्यामुळे हात जोडून बसणं मला शिकवावं लागणार नव्हतं.

बायकोला ते अजिबात पटलं नाही. आपण दर रविवारी पंचशील म्हणतो आणि तू असल्या माणसाचा चेहरा होणार, असं तिचं म्हणणं. मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, गंमत आहे.

चित्र तयार झाल्यावर त्यांनी ते मला दाखवलं. पॅगोड्यापुढे बसलेला जनरल, डोळे भक्तीने मिटलेले, हात जोडलेले. गाल डुकराच्या मांसाने फुगलेले, हनुवटीवरून चरबी ओघळतेय. आणि तो बसला होता तो गालिचा म्हणजे पालथी पाडलेली माणसं होती.

प्रदर्शन जवळच्या आइंडहोवन शहरात एका जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये भरलं. दुपारची वेळ, टेबलावर वाईन, चीजचे तुकडे. लोक चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघून हसत होते. मीही ग्लास हातात घेऊन हसत होतो.

एक बारीक चणीचा बर्मी माणूस बराच वेळ त्या चित्रासमोर उभा होता. त्याने टेबलावरची बाटली उचलली आणि कॅनव्हासवर हाणली. काचा उडाल्या, वाईन जनरलच्या तोंडावरून खाली वाहिली. मी त्याला आवरायला पुढे झालो. त्याने वळून माझा चेहरा पाहिला.

पहिल्या ठोशात माझं नाक मोडलं. तो आवाज मला कवटीच्या आतून ऐकू आला. मी पडलो, तसा तो माझ्या छातीवर बसला आणि मारत राहिला. मग टेबलावरचं चीज ओढून माझ्या तोंडात कोंबायला लागला, एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत. रक्त आणि चीज घशात अडकलं, श्वास बंद झाला. लोक मागे सरकून गोल करून उभे होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला होता. शेवटी चित्रकारांनी त्याच्या केसांना धरून त्याला मागे खेचलं.

तो शब्द ‘खा’ असा होता, हे चित्रकारांनी मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं. पोलिसांकडे जाऊ नका, अशी विनंतीही केली. त्या माणसाच्या मुलाला सैनिकांनी गावात सगळ्यांसमोर बुटांनी तुडवून ठार मारलं होतं. ज्याने हुकूम दिला, तो अधिकारी दुसऱ्याच दिवशी गावच्या पॅगोड्याला सोन्याचा वर्ख दान करायला आला, आणि मग तिथेच जेवायला बसला.

बायको म्हणाली, “त्या माणसाचं दुःख खरं आहे. पण तू मेला असतास.”

मी तक्रार केली. चित्रकार पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काही महिन्यांनी, खटल्याचा भाग म्हणून, मध्यस्थांनी माझी आणि मला मारणाऱ्या त्या माणसाची भेट ठरवली. मध्ये दुभाषी बाई, माझ्या बाजूला बायको. समोरचा माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने माफी मागितली, पण पाठ केल्यासारखी. नंतर खालच्या आवाजात एकच प्रश्न विचारला.

“चित्रासाठी हात जोडून बसला होतात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

मी खरं ते सांगितलं. “काही नव्हतं. गुडघे दुखत होते.”

दुभाषी बाईंनी ते सांगितलं.

“पॅगोड्यापुढे त्या अधिकाऱ्याचंही तसंच असणार,” तो म्हणाला.

मग तो रडायला लागला, मोठ्याने, तोंड न झाकता. त्याच्या जवळ जावं असं मला वाटलं, पण त्याचा हात हलला की माझं अंग आपोआप मागे जात होतं. बायको उठली. तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि तो पिईपर्यंत तिथेच उभी राहिली. मी खुर्चीतच बसून होतो.